पेटीत न मावलेला इतिहास

जुलै 1946. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉइस या अमेरिकेतल्या कृष्णवर्णीय विचारवंताला छोटंसं पत्र लिहिलं. तिथल्या कृष्णवर्णीयांनी संयुक्त राष्ट्रांकडे दाद मागितल्याचं बाबासाहेबांच्या वाचनात आलं होतं. अस्पृश्यांच्याही मनात तेच होतं, म्हणून त्या निवेदनाच्या दोन-तीन प्रती त्यांना हव्या होत्या. 31 जुलैला उत्तर आलं. हा पत्रव्यवहार आज ॲमहर्स्टच्या मॅसॅच्युसेट्स विद्यापीठात जपलेला आहे आणि मिरा रोडजवळच्या काशीगावातली एखादी मुलगी तो मोबाइलवर वाचू शकते.

कागद होता, म्हणून हे जमलं. ज्यांच्याकडे कागदच नव्हता त्यांचं काय?

वसंत मून यांनी संपादित केलेला बाबासाहेबांच्या लेखन-भाषणांचा पहिला सरकारी खंड 1979 साली निघाला. त्याच घरातल्या मीनाक्षी मून मात्र उर्मिला पवारांबरोबर वेगळ्या शोधात होत्या. काळाराम मंदिराच्या सत्याग्रहात तुरुंगात कोण गेल्या? सुलोचनाबाई डोंगरे यांच्या अध्यक्षतेखाली 1942 साली नागपुरात महिला परिषद भरली, तिथवर बायका पोचल्या कशा? दोघींनी आंबेडकरी चळवळीतल्या बायकांना गाठलं, बोलतं केलं. 1989 साली पुस्तक आलं, ‘आम्हीही इतिहास घडवला’. शीर्षकातल्या त्या ‘ही’मध्ये सगळी तक्रार आली.

अशा मुलाखतीत पहिलं उत्तर बहुधा ठरलेलं असतं: माझं काय विचारता, यांना विचारा. मग चहा होतो, भिंतीवरच्या फोटोकडे बोट जातं आणि कुठल्याशा मोर्चाची गोष्ट सुरू होते. टेप तेव्हा चालू असावी लागते. आपल्याकडे चळवळीवर प्रबंध भरपूर होतात. ज्या आवाजांवर ते उभे राहतात, त्या टेप मात्र संशोधकाच्या कपाटात बुरशी खातात. विद्यापीठांनी पदवी देताना त्याही मागून घ्यायला हव्यात.

काशीगावकरांना आवाज जपण्याचा नमुना पाहायला अमेरिका गाठायची गरज नाही. चेकनाका ओलांडला की दहिसर. तिथे ‘स्पॅरो’ हे स्त्रियांच्या आवाजांचं आणि चित्रांचं संग्रहालय आहे. लेखिका अंबई म्हणजे सी. एस. लक्ष्मी, नीरा देसाई आणि मैत्रेयी कृष्णराज यांनी ते 1988 साली सुरू केलं.

पुनर्विकासासाठी घर रिकामं करताना ट्रंकेतली जुनी पत्रकं रद्दीत घालू नका. आणि आजी बोलायला लागली की फोनवर रेकॉर्डिंग सुरू करा, तिला विचारून. आधी तिचं नाव, गाव आणि तारीख मोठ्याने म्हणून घ्या.