मूळ प्रत न पाहता

बँकेच्या नोकरीत मी एक नियम शेवटच्या दिवसापर्यंत कसोशीने पाळला. मूळ कागद स्वतःच्या डोळ्यांनी पाहिल्याखेरीज त्याच्या प्रतीवर ‘खरी प्रत’ असा शिक्का मारावयाचा नाही. निवृत्तीनंतर मात्र हाच नियम मी आमच्या स्वयंपाकघरात मोडला. त्याची हकिकत आपणांपुढे ठेवावी, एवढ्यासाठी हा लेखनप्रपंच.

आम्ही मूळचे सांगलीकडचे. बदलीच्या निमित्ताने अंधेरीस आलो आणि इथलेच झालो. घरात कंदमूळ नाही, सूर्यास्तानंतर जेवण नाही. वार्षिक हिशेबाच्या दिवसांत दुसरा नियम जड जाई, कारण खतावणी जुळेपर्यंत सूर्य आमच्यासाठी थांबत नसे. अशा रात्री मी उपाशीच झोपत असे. त्यात व्रत किती आणि हट्ट किती, हे मी कधी तपासून पाहिले नाही.

निवृत्तीनंतर महिनाभरातच सौ.ने जाहीर केले, “अहो, आता रविवारचा स्वयंपाक तुमच्याकडे.” मी पावभाजी करावयाचे ठरविले. वास्तविक पावभाजी हा पदार्थ आपल्यासाठी घडविलेलाच नाही. ‘पाव’ आणि ‘बटाटा’ हे दोन्ही शब्द पोर्तुगीजांकडून आले. टोमॅटो आणि मिरची यांचे मूळ अमेरिका खंडातले. त्यातून बटाटा, कांदा, लसूण आणि आले वजा केले की तव्यावर उरते काय? भांडवल काढून घेतलेल्या पेढीसारखी गत. तरीही मुंबईच्या उपनगरांत जैन पावभाजी दिमाखात विकली जाते, कारण बटाट्याच्या जागी कच्चे केळे भागीदार म्हणून आले आहे.

पहिल्या रविवारी मी केळी सोलूनच चिरावयास घेतली. त्यांच्या चिकाने बोटे काळी पडली, पायजम्यावर डाग पडले आणि केळी अति शिजल्याने भाजीचा असा काही चिकट गोळा झाला की पोस्टाची पाकिटे चिकटवावीत. दुसऱ्या रविवारी कांदा-लसणाची उणीव भरून काढण्यासाठी मी हिंगाचा आश्रय घेतला. हिंगातील गंधकयुक्त द्रव्यांचे कांदा-लसणाच्या वासाशी जवळचे नाते आहे, हे मी वाचले होते. मात्र किती घालावे, हे वाचले नव्हते. हिंग पिढ्यान्‌पिढ्या इराण-अफगाणिस्तानातून आपल्याकडे येत आला. २०२० साली हिमाचल प्रदेशातील लाहौल खोऱ्यात त्याची रोपे लावण्यात आली. सौ. म्हणाली, “तुमच्या हाती डबी राहिली, तर ते अख्खं खोरंसुद्धा पुरायचं नाही.”

तिसऱ्या रविवारी सूनबाई पुढे झाली. ती मुलुंडच्या मराठी कुटुंबातली, जन्माने जैन नव्हे. तिने केळी सालीसकट वाफवली आणि मऊ होताच उतरवली. भाजीला सैलपणा यावा म्हणून थोडा दुधी घातला. बीट चालत नाही म्हणून रंगासाठी काश्मिरी मिरची घेतली, आल्याऐवजी चिमूटभर सुंठ घातली आणि टोमॅटो कडेने तेल सुटेपर्यंत परतले. मग एक घास चाखून, डोळे मिटून ती म्हणाली, “बाबा, आता जवळपास आली.”

“कशाच्या जवळपास?” मी विचारले.

“खऱ्या पावभाजीच्या.”

तेव्हा माझ्या ध्यानात आले की, मी जिची नक्कल करीत होतो ती मूळ प्रत मी आयुष्यात पाहिलेलीच नव्हती. घरात ती ठाऊक असलेली व्यक्ती एकच. मी सहज विचारले, “तू शेवटची कधी खाल्लीस?”

“लग्नाआधी. दोन वर्षं होऊन गेली की.” एवढे बोलून ती पाव भाजू लागली.

पुढे वैशाखात आम्ही चौघे घाटकोपरला खाऊगल्लीत गेलो. पूर्वी अंधेरीहून घाटकोपरला जावयाचे म्हणजे बसमध्ये बसून सूर्य मावळताना पाहावयाचा. ८ जून २०१४ रोजी मेट्रो सुरू झाली आणि वर्सोवा ते घाटकोपर ही बारा स्थानके अकरा-साडेअकरा किलोमीटरांत ओवली गेली. माझ्या दृष्टीने मेट्रोचा सर्वांत मोठा लाभ हा की सूर्यास्तापूर्वी बाहेर खाता येते. तेही उन्हाळ्यात. नोव्हेंबर अखेरीस मुंबईत सहाच्या सुमारास सूर्य मावळतो, तेव्हा गाड्यांवरचे तवे जेमतेम तापू लागलेले असतात. मे महिन्यात मात्र सात वाजेपर्यंत सवड मिळते.

वल्लभबाग लेनमध्ये ‘जैन’ हे केवळ विशेषनाम राहिलेले नाही, ते पदार्थांचे विशेषण झाले आहे. जैन डोसा, जैन सँडविच, जैन पिझ्झा, जैन चायनीज. पाकिटावरचा हिरवा ठिपका शाकाहाराची ग्वाही देतो, पण जमिनीखालचे काय ते सांगत नाही. इथला तवेवाला न विचारता सांगतो. आमच्या तवेवाल्याने जैन भाजीसाठी तवा आणि कालथा दोन्ही वेगळे ठेवले होते. मी पैसे काढू लागलो, तोच सूनबाई म्हणाली, “चार जैन पावभाजी.”

चार. माझा हात खिशातच राहिला. समोर दुसऱ्या तव्यावर तिची मूळ प्रत चरचरत होती आणि तिने तिकडे पाहिलेही नव्हते.

“अगं, तुला ती नको?”

“नको बाबा, सवय झाली आता.”

“माहेरी खातेस ना?”

ती हसली. “आईनंसुद्धा माझ्यासाठी कांदा घालणं सोडलंय. म्हणते, सासरचं मोडू नकोस.”

वाचकहो, मी किंवा सौ.ने तिला कधी कांदा खाऊ नकोस असे सांगितले नव्हते. पण खा असेही सांगितले नव्हते. आमच्या मौनाचा तिने आदेश मानला आणि तो आदेश मुलुंडच्या एका स्वयंपाकघरापर्यंत जाऊन पोहोचला. आपली बहुतेक घरे व्यापाराची, जमा-नावे जाणणारी. त्याग हा ज्याने केला त्याच्या खात्यावर, त्याच्याच सहीने जमा व्हावयास हवा. इथे सही तिची नव्हती आणि जमा मात्र आमच्या घराच्या नावावर होत होती.

तिच्यासाठी साधी पावभाजी मागवावी असे मनात आले आणि शास्त्र आडवे आले. हिंसेचा विचार आपल्याकडे कृत, कारित आणि अनुमोदित असा तिहेरी आहे: स्वतः करणे, दुसऱ्याकडून करविणे आणि करणाऱ्यास संमती देणे. मी मागविली तर कारित. पैसे दिले तर तेही त्यातच. आणि दुसऱ्या बाजूने, तोंडाने न बोलता एका मुलीला तिच्या आईच्या हातच्या चवीपासून दूर ठेवणे, हे कोणत्या रकान्यात मांडावयाचे?

शेवटी मी एवढेच म्हणालो, “अगं, नियम माझा आणि तुझ्या सासूबाईंचा आहे. तुला मनापासून घ्यावासा वाटला तर अवश्य घे, मला आनंदच होईल. पण आमच्या भिडेखातर घेऊ नकोस. आणि आईला सांग, आमच्या घरातलं काही मोडत नाही.”

ती काही वेळ गप्प राहिली. मग मुलाला म्हणाली, “माझी पिशवी धर.” ती स्वतः पलीकडच्या तव्याकडे गेली, स्वतः मागितली आणि पैसेही स्वतःच दिले. मी पाठ करून उभा राहिलो. अनुमोदनाच्या खात्यावर यातले किती पडले, हे मी अजून महाराजांना विचारलेले नाही. सौ. म्हणाली, “अहो, पाठ करून उभं राहिलं की पाप दिसत नाही, असं तुम्हाला बँकेत शिकवलं का?”

सूर्य मावळावयास दहा-बारा मिनिटे उरली होती. आमच्या ताटल्या रिकाम्या झाल्या होत्या. सूनबाई परतली ती ओठ पुशीत, समाधानाने.

“कशी होती?” सौ.ने विचारले.

“मस्त! आणि बाबा, आपल्या भाजीत काय कमी पडतं ते कळलं मला. कांदा नाही, लसूणही नाही. आपण लिंबू फार लवकर पिळतो. भाजी उतरल्यावर पिळायचं.”

पुढच्या रविवारी मी लिंबू शेवटी पिळले. सौ.ने दुसऱ्यांदा वाढून घेतले. सूनबाई त्या दिवशी मुलुंडला गेली होती. संध्याकाळी तिचा फोन आला. आईने कांद्याचे थालीपीठ केले होते आणि माझ्यासाठी वेगळ्या तव्यावर, बिनकांद्याची दोन डब्यात भरली होती. निरोप असा, “बाबांना सांग, सूर्यास्ताच्या आत पोहोचतील.”

पोहोचली. अर्धा तास राखून.