दारूविना जागणारी हॉटेलं

जॉर्ज टाउन, पेनांग

प्रिय दादा आणि वहिनी,

आपल्याकडे हॉटेलच्या धंद्याचा विषय निघाला की एक वाक्य हमखास कानी पडतं : वर्धा जिल्ह्यात दारूबंदी आहे, म्हणून इथे हॉटेल वाढत नाही. रात्री दहाच्या आत गाव सामसूम होतं, कारण बसायला जागा नाही, आणि जागा नाही कारण परवाना नाही. सत्तरच्या दशकापासून आपला जिल्हा कोरडा आहे, त्यामुळे दोन पिढ्यांनी हे वाक्य ऐकलं आणि खरं मानलं. मला ते खोटं वाटतं, आणि त्याचा पुरावा इथे रस्त्यारस्त्यावर मांडलेला आहे. मलेशियात सामान्य माणसाला परवडणारी, सगळ्यांत उशिरापर्यंत गजबजलेली हॉटेलं कोणती असं विचारलं तर उत्तर येतं, ‘मामाक’. ही तमिळ मुसलमानांची हॉटेलं. त्यांतली कित्येक चोवीस तास उघडी असतात, आणि एकातही दारूचा थेंब मिळत नाही.

या हॉटेलांचा उगम समजून घेतला की ती स्वस्त का आहेत तेही कळतं. इंग्रजांनी 1786 मध्ये पेनांग बेट ताब्यात घेतलं आणि बंदर उभं केलं. तमिळनाडूच्या किनाऱ्यावरचे मुसलमान व्यापारी आणि मजूर इथे येत गेले. बंदरावर माल चढवणाऱ्या-उतरवणाऱ्या हमालांना पोटभर, झटपट आणि थोड्या पैशांत जेवण हवं असायचं. म्हणून फेरीवाले खांद्यावर कावड घेऊन निघायचे, एका बाजूला भाताचं भांडं, दुसऱ्या बाजूला कालवणाची. आज ‘नासी कांदार’ म्हणून जे जेवण देशभर मिळतं, ते त्या कावडीतून उतरलेलं आहे. कॅम्पबेल स्ट्रीटवरचं हमीदिया हे त्याचं सर्वांत जुनं हॉटेल मानलं जातं. ते 1907 पासूनचं आहे, आणि दुपारी त्याच्यासमोर अजूनही रांग लागते. पानात गरम भात, त्यावर माशाचं, कोंबडीचं, भेंडीचं अशा तीन-चार कालवणांचे रस एकत्र ओतलेले, वर उकडलेलं अंडं. हमालाच्या भुकेसाठी जन्मलेलं हे जेवण, त्यामुळे पोटभर वाढप, थोडा नफा आणि भरपूर गिऱ्हाईक हे गणित त्याच्या मुळातच आहे.

या गणितात रात्रीचं स्थान काय, हे नीट पाहण्यासारखं आहे. हॉटेलचा मोठा खर्च म्हणजे जागेचं भाडं, भट्टी, तवा, फ्रीज, भांडी. हा खर्च हॉटेल सहा तास उघडं ठेवा नाहीतर चोवीस तास, फारसा बदलत नाही. मामाकवाला तोच खर्च तीन पाळ्यांवर वाटून टाकतो. पहाटे कामावर जाणारा चहा आणि रोटी घेतो, दुपारी कचेरीतली माणसं भात जेवतात, संध्याकाळी कुटुंबं येतात, मध्यरात्री टॅक्सीवाले, परिचारिका, परीक्षेचा अभ्यास करणारी मुलं आणि टीव्हीवर फुटबॉल पाहणारे. रमजानमध्ये पहाटेच्या सहरीलाही तेच तवे तापलेले असतात. प्रत्येकाकडून थोडंच मिळतं, पण तवा थंड पडत नाही. एक रोटी चनाई दीड-दोन रिंगिटला, आणि रिंगिट म्हणजे आपले वीसएक रुपये. तुम्हाला वाटेल, पस्तीस-चाळीस रुपयांचा पराठा यात स्वस्त काय? पण इथे किमान वेतन महिन्याला 1,700 रिंगिट आहे. त्या कमाईत हा नाश्ता रोजचा होऊ शकतो, आणि माझ्या लेखी स्वस्त या शब्दाचा अर्थ तेवढाच आहे.

रोटी चनाई करणाऱ्याचे हात जरूर पाहावेत असे. मैद्याचे गोळे तेलात मुरत ठेवलेले असतात. एक गोळा घेऊन तो तेल लावलेल्या फरशीवर थापतो, कड धरून हवेत भिरकावतो, तशी पोळी इतकी पातळ होते की खालची फरशी दिसावी. मग चारी बाजूंनी घडी घालून तव्यावर, आणि भाजल्यावर दोन तळव्यांच्या मध्ये टाळी दिल्यासारखी चुरगाळून तिचे पदर मोकळे करायचे. सोबत डाळीची वाटी. शेजारी चहावाला दोन मोठे मग घेऊन चहा हातभर उंचीवरून या मगातून त्या मगात ओढत असतो, त्याने फेस येतो आणि चहा पिण्याइतका निवतो. हे सगळं गिऱ्हाइकाच्या डोळ्यांसमोर, रस्त्याला लागून. दर्शनी भाग असा उजेडात आणि उघडा असला की आत कोण बसलं आहे ते बाहेरून दिसतं, आणि ज्या जागेत काही लपलेलं नाही तिथे बाई एकटी येऊन बसते. रात्री अकरा-बारालाही मुलींची टेबलं भरलेली दिसतात, ती या उजेडामुळे आणि दारू नसल्यामुळे, असं मला ठामपणे वाटतं.

कळावे,
तुमची धाकटी


क्वाला लंपूर

प्रिय दादा आणि वहिनी,

दादा, तुमच्या शंका पोचल्या आणि त्या रास्त आहेत. पहिली अशी, की मलेशियात दारू बंद नाही. ज्याला प्यायची तो दुसरीकडे जातो, मग मामाकच्या यशाचं श्रेय दारू नसण्याला कसं द्यायचं? खरं आहे, इथे चिनी कॉफीच्या दुकानांत बिअर मिळते, आणि या शहराच्या काही गल्ल्या बारनीच भरलेल्या आहेत. पण माझा मुद्दा यानेच बळकट होतो. दारू शेजारी, उघडपणे, कायद्याने मिळत असूनही गर्दी दारू नसलेल्या हॉटेलात आहे. आपले व्यापारी म्हणतात की दारूशिवाय गिऱ्हाईक येत नाही. इथे गिऱ्हाइकाला दोन्ही दारं उघडी आहेत आणि तरीही तो मोठ्या संख्येने चहाच्या दारातून आत येतो. शिवाय मलेशियात दारूवर जबर कर आहे, त्यामुळे बारमध्ये बसणं पगारदाराला महिन्यातून एखाद्या वेळी जमतं. चहा रोज जमतो.

यात धर्माचाही भाग आहे, तो नाकारून चालणार नाही. मालक मुसलमान, म्हणून दारू आणि डुकराचं मांस नाही, म्हणून मलय गिऱ्हाईक निर्धास्त येतं. चिनी माणसाला तिथे बसायला हरकत नसते, आणि हिंदू तमिळ गोमांसाचं कालवण टाळून बाकीचं जेवतो. चिनी दुकानात याच्या उलट होतं, डुकराच्या मांसामुळे मलय माणूस तिथे जात नाही. म्हणजे ज्या हॉटेलाने काही गोष्टी वर्ज्य केल्या, त्याच्या टेबलाशी जास्त प्रकारची माणसं बसू शकली. इथले काही जाणकार म्हणतात की या एकोप्याचं कौतुक जरा जास्तच होतं, कारण एका छपराखाली असले तरी टेबलं वेगवेगळी असतात. ते मला मान्य आहे. हॉटेलाने समाज जोडावा अशी माझी अपेक्षाच नाही. कोणाला दार बंद वाटू नये, एवढीच आहे. मलेशियाच्या नाश्त्याच्या संस्कृतीला डिसेंबर 2024 मध्ये युनेस्कोच्या यादीत स्थान मिळालं, तेही बहुवांशिक समाजाची एकत्र खाण्याची रीत म्हणून. त्यात रोटी चनाई आणि ओढलेला चहा आहेतच.

दुसरी शंका अधिक अवघड आहे : हे सगळं स्वस्त कोणाच्या जिवावर? बऱ्याच हॉटेलांत तव्यामागचे आणि मोरीवरचे हात भारत, बांगलादेश, नेपाळमधून आलेल्या मजुरांचे आहेत. घरापासून दूर, परवान्याच्या धाकात, लांबलचक पाळ्या. सरकारही आपल्या परीने किमती धरून ठेवतं. स्वयंपाकाच्या तेलाचं एक किलोचं पाकीट अनुदानामुळे अडीच रिंगिटला मिळतं, साखरेचा कमाल दर ठरवून दिलेला आहे. तेव्हा मामाक हे निव्वळ चतुर धंद्याचं फळ नाही, हे मी कबूल करते. मजुरांच्या बाबतीत इथलं काहीही आपण उचलू नये. पण सरकारी मदतीचा मुद्दा आपल्या विरुद्ध जात नाही, कारण ती मदत महाराष्ट्र आधीच करत आला आहे. शिवभोजन थाळी 26 जानेवारी 2020 रोजी सुरू झाली. थाळीची किंमत शहरात 50 आणि गावात 35 रुपये धरली, गिऱ्हाइकाने 10 द्यायचे, वरचे सरकारने. दोन पोळ्या, भाजी, वरण, भात. वेळ मात्र ठरवली दुपारी 12 ते 2. म्हणजे स्वस्त जेवण हवं हे राज्याने ओळखलं, भूक रात्रीही लागते हे तेवढं सुटलं.

वहिनी, तुम्ही आरोग्याचं विचारलंत. त्यावर माझ्याकडे गोड उत्तर नाही. 2023 च्या राष्ट्रीय आरोग्य पाहणीत मलेशियातले निम्म्याहून अधिक प्रौढ जादा वजनाचे किंवा लठ्ठ निघाले. आटवलेल्या गोड दुधाचा चहा आणि मैद्याची तेलकट रोटी यांचा त्यात वाटा आहेच. पेनांगच्या ग्राहक संघटनेने 2024 मध्ये चोवीस तास चालणारी हॉटेलं बंद करा अशी मागणीच केली, आणि हॉटेलमालकांनी तिला विरोध केला. मला ती मागणी चुकीच्या जागी बोट ठेवणारी वाटते. रात्रपाळी करणाऱ्याला रात्री जेवावंच लागतं. प्रश्न ताटात काय वाढता याचा आहे, आणि त्या बाबतीत वर्ध्याने मलेशियाकडून शिकायचं काहीच कारण नाही. ज्या गावात मगनवाडीला 1930 च्या दशकापासून हातसडीचा तांदूळ, घाण्याचं तेल आणि गूळ यांचं काम झालं, ज्या गावात गोरस भांडाराचं गाईचं दूध आणि गोरसपाक आजही लोक विश्वासाने घेतात, तिथे रात्री बारा वाजता भाकरी, वरण आणि ताक वाढायला कोणाची आडकाठी आहे?

आणखी एक गोष्ट हॉटेलमालकांच्या भीतीबद्दल. 1 जानेवारी 2019 पासून मलेशियाने सगळ्या खानावळींत, अगदी उघड्यावरच्या टेबलांवरही, धूम्रपान बंद केलं. रात्रभर सिगारेट ओढत बसणारी गिऱ्हाइकं जातील, धंदा बसेल, अशी ओरड झाली. हॉटेलं आजही भरलेली आहेत. ओढणारे उठून तीन मीटर लांब जातात आणि परत येऊन चहा संपवतात.

कळावे,
तुमची धाकटी


मलाक्का

प्रिय दादा आणि वहिनी,

आता आपल्या गावाकडे वळते. वर्ध्याची दारूबंदी कागदावरच आहे, मोहाची हातभट्टी आणि शेजारच्या जिल्ह्यांतून येणारा माल कोणाला ठाऊक नाही, हे तुमचं म्हणणं मला मान्यच आहे. चंद्रपूरमध्ये 2015 साली लागू झालेली बंदी 2021 मध्ये याच कारणांनी उठवली गेली. पण चोरून पिणारा माणूस कुठे पितो ते पाहा. नाल्याकाठी, शेतात, बंद खोलीत. संध्याकाळी चारचौघांत बसायला उजेडाची, परवडणारी जागा नाही, तेव्हा अंधारातल्या जागेला स्पर्धाच उरत नाही. दारू सोडा असं सांगणाऱ्यांनी, आणि मी त्यांच्याच बाजूची आहे, कामावरून सुटल्यावर माणसाने जायचं कुठे याचं उत्तर पुरेसं दिलेलं नाही. बंदीमागे बायकांची ताकद उभी राहिली ती घरातला पैसा आणि मार वाचावा म्हणून. त्याच बायकांना रात्री मुलाबाळांसह बसता येईल असं दुकान हा त्या लढ्याचाच पुढचा भाग आहे.

आणि इथे कायदा आपल्या बाजूने आहे, ही गोष्ट आपल्या व्यापारी मंडळींच्या ध्यानातच नाही. महाराष्ट्राच्या 2017 च्या दुकाने व आस्थापना कायद्याने आस्थापनांना चोवीस तास उघडं राहण्याची मुभा दिली. वेळेची बंधनं ठेवली ती मुख्यतः परमिट रूम, बिअर बार, दारूची दुकानं अशांवर. तरीही पोलीस आणि स्थानिक यंत्रणा रात्री बंद करायला लावतात, अशा तक्रारी होत राहिल्या. म्हणून ऑक्टोबर 2025 मध्ये सरकारने पुन्हा स्पष्ट केलं की दारू न विकणारी दुकानं आणि हॉटेलं चोवीस तास चालू शकतात. यातलं मर्म पाहा. नागपूरच्या बारवाल्याला घड्याळ बांधलेलं आहे. वर्ध्याचं कायदेशीर चालणारं प्रत्येक हॉटेल या बंधनातून मोकळं आहे, कारण इथे दारूचा परवानाच नाही. ज्याला आपण इतकी वर्षं अडचण म्हणत आलो, त्यानेच आपल्याला रात्र मोकळी करून दिली आहे. त्याच कायद्यात प्रत्येक कामगाराला आठवड्यातून सलग चोवीस तास सुटी बंधनकारक आहे, आणि बाईला रात्री साडेनऊनंतर तिच्या संमतीशिवाय कामावर ठेवता येत नाही. मलेशियातली जी बाजू मला खुपली, तिला आपल्याकडे निदान कागदावर तरी लगाम आहे. तो कागद पाळला गेला पाहिजे, यात मी तडजोड करणार नाही.

गिऱ्हाईक कुठून येणार, हा तुमचा शेवटचा प्रश्न. पेनांगला बंदर होतं, वर्ध्याला दवाखाने आहेत. सेवाग्रामचं वैद्यकीय महाविद्यालय 1969 पासूनचं, सावंगीचं 1990 पासूनचं. दोन्हीकडे आर्वी-आष्टीपासून यवतमाळपर्यंतचे रुग्ण येतात आणि प्रत्येकाबरोबर एक-दोन नातेवाईक. त्यांच्या भुकेला वेळापत्रक नसतं. रात्री एकला ऑपरेशन संपतं, तेव्हा बाहेर थांबलेल्या माणसाने दिवसभर काही खाल्लेलं नसतं. त्यांत रात्रपाळीच्या परिचारिका आणि शिकाऊ डॉक्टर मिळवा, हिंदी विद्यापीठातली बाहेरगावची मुलं मिळवा, ज्यांच्या मेसला आठ-नऊला कुलूप लागतं. मुंबई-हावडा आणि दिल्ली-चेन्नई या दोन्ही मार्गांच्या गाड्या वर्धा-सेवाग्राम भागातून रात्रभर जातात, त्यांचे प्रवासी आणि त्यांना न्यायला उभे असलेले ऑटोवाले मिळवा. एवढी माणसं रात्री जागी असतात आणि त्यांच्या वाट्याला बहुतेक बिस्किटाचा पुडा येतो.

तर्री-पोहे, सांबारवडी, ज्वारीची भाकरी आणि तुरीचं वरण, चहा, ताक, एवढी यादी पुरे. सुरुवात सावंगीच्या दवाखान्याबाहेर व्हावी असं मला वाटतं, कारण तिथे रात्री दिवे, सुरक्षारक्षक आणि माणसांची ये-जा आधीपासून आहे, त्यामुळे बायकांना पहिल्या दिवसापासून बसता येईल. भाडं किती पडेल आणि तीन पाळ्यांना मिळून किती माणसं लागतील, याचा अंदाज दादांनी काढून ठेवावा. शिवभोजनाची वेळ एका केंद्रापुरती रात्रीची करून मिळेल का, हे वहिनींनी त्यांच्या बचतगटातर्फे जिल्हा पुरवठा कार्यालयाला लेखी विचारावं.

कळावे,
तुमची धाकटी