चमच्याची पाठ

केकवरचे क्रीमचे गुलाब मला कधीच आवडले नाहीत. लहानपणी आमच्या गावाला तालुक्याहून, एस्टीच्या टपावर नाही तर कुणाच्या तरी मांडीवर, केक यायचा. गडद गुलाबी गुलाब, पोपटी पानं आणि खाली टाळूला चिकटून बसणारं तुपकट क्रीम. त्या गुलाबावरून भावंडांत मारामारी व्हायची आणि ज्याला तो मिळायचा तोच हळूच ताटलीच्या कडेला काढून ठेवायचा. त्यामुळे मी स्वतः केक करायला लागले तेव्हा ठरवूनच टाकलं, नोझल नाही, गुलाब नाही. बटरक्रीम आणि घरातली हत्यारं: चमचा, काटा, बोथट सुरी. बास.

प्रमाण सोपं आहे. २०० ग्रॅम बिनमिठाचं बटर, ४०० ग्रॅम चाळलेली आयसिंग शुगर, चमचाभर दूध, व्हॅनिलाचे चार थेंब. आधी बटर एकटंच फेटायचं, पिवळ्याचं पांढुरकं होईपर्यंत, मग साखर तीन-चार वेळा करून घालायची. "घरचं लोणी चालेल का गं?" हा प्रश्न प्रत्येक मावशी विचारते. नको. त्यात ताकाचं पाणी राहतं आणि क्रीम फुटतं. केकवर पहिला हात अगदी पातळ द्यायचा, म्हणजे चुरा तिथल्या तिथे बसतो. अर्धा तास फ्रिजमध्ये ठेवून मग दुसरा जाडसर हात. आणि तो गुळगुळीत करत बसायचं नाही! गुळगुळीत केकवर बोट लागलं तरी दिसतं. त्यापेक्षा चमच्याची पाठ क्रीममध्ये जराशी दाबून बाजूला ओढायची, की एक पाकळी उमटते. पुसायचा चमचा, पुढची पाकळी. काटा कडेला धरून केकच फिरवला की शेतातल्या तासांसारख्या रेघा येतात. ताट उपड्या पातेल्यावर ठेवलं की छान फिरतं, त्यासाठी वेगळी फिरकी विकत आणायला नको.

हे सगळं पुण्यात ठीक. मे महिन्यात कळंब तालुक्यातल्या आमच्या गावी करायचं म्हटलं की गंमत असते. बटर साधारण ३२ ते ३५ अंशांवर वितळतं आणि आमच्याकडे दुपारी पारा चाळिशीला टेकलेला. गेल्या मे महिन्यात दादाच्या मुलीचा पाचवा वाढदिवस होता. केक आदल्या रात्रीच कुकरमध्ये भाजून ठेवला आणि सजवायला पहाटे साडेचारला उठले. त्या वेळी घरात आणखी एकच माणूस उठलेलं असतं. आत्या.

आत्या फार लवकर एकटी झाली आणि माहेरी आली. दादाला तिनेच वाढवलं म्हणायला हरकत नाही, आई तेव्हा शेतात असायची. पण घरात औक्षण असलं, कुणाची ओटी भरायची असली, की आत्याचं नेमकं चुलीवर काहीतरी असतं. दूध उतू चाललेलं असतं, भात बघायचा असतो. तिला कुणी जा म्हणत नाही. म्हणायची वेळच ती येऊ देत नाही. कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाडने मे २०२२ मध्ये विधवा प्रथा बंद करायचा ठराव केला आणि पाठोपाठ सरकारनेही बाकीच्या ग्रामपंचायतींसाठी परिपत्रक काढलं. दादाने तेव्हा ती बातमी मोठ्याने वाचून दाखवली होती. आत्याने ऐकली आणि शेंगा फोडत राहिली.

तर त्या पहाटे ती चहा घेऊन माझ्यासमोर बसली.

"काय करायलीस गं?"

"नक्षी."

थोडा वेळ बघून म्हणाली, "हे तर सारवल्यावानी दिसायलंय."

आणि खरंच की! आमचं जुनं माळवदाचं घर होतं तेव्हा सारवायचं काम तिचंच. शेणकाल्यात हात बुडवून भिंतीपासून दाराकडे, मागं सरकत सरकत. पंजा फिरवून एक अर्धगोल, त्याच्या टोकात दुसऱ्याचं तोंड. वाळल्यावर तिरप्या उन्हात सगळी जमीन खवल्याखवल्यांची दिसायची. आम्हाला त्यावर पाय ठेवायची बंदी. आता फरशी आहे, सारवायचं काहीच उरलं नाही.

मी चमचा तिच्यापुढे धरला. तिने हात मागे घेतला. "नको गं माय, पोरीच्या शुभकार्याचं हाय."

"केकला कसलं आलंय शुभकार्य? कुठल्या पोथीत आहे केक?"

यावर ती हसली नाही, विचारात पडली. मग उठून हात धुतले, पदर खोचला. पहिली पाकळी फार खोल गेली, थेट केकपर्यंत. "शेणाला जोर लागतो," स्वतःशीच म्हणाली. दुसरी हलकी आली, आणि तिसरीपासून मी नुसती बघत बसले. मी ताट फिरवते. तिने ताटाला हात लावला नाही. केक स्टुलावर ठेवायला लावला आणि स्वतः त्याच्याभोवती फिरली, मागं सरकत. शेवटची पाकळी पहिलीच्या शेपटीत बरोबर बसली. कशी मोजली असेल कोण जाणे. पहिला खड्डाही तिने जाता जाता बुजवून टाकला होता.

उजाडायच्या आत केक फ्रिजमध्ये गेला. दुपारी दोन तास वीज गेली तेव्हा फ्रिजचं दार कुणी उघडू नये म्हणून दादा स्वतः खुर्ची टाकून बसला :)

संध्याकाळी औक्षणाच्या वेळी आत्या नेहमीसारखी आतच. मग केक बाहेर आला आणि शेजारच्या काकूंनी विचारलं, "कळंबहून आणला का?" वहिनी म्हणाली, "छे, आत्याबाईंनी सजवलाय." झालं! कसं केलं, कशाने केलं, दाखवा. आतून हाकेवर हाक. आत्या बाहेर आली आणि दारातच उभी राहून रिकाम्या हाताने हवेत पाकळ्या काढून दाखवायला लागली. वाढदिवसाच्या मुलीने तोवर बोटाने एक अख्खी ओळ चाटून टाकली होती.

औक्षणाचं ताट अजून तिच्या हातात गेलेलं नाही. रात्री वहिनीनेच विषय काढला होता, आईही म्हणाली, "खरंच वन्सं, पुढच्या वर्षी तुम्हीच ओवाळा." आत्या "बघू" म्हणाली. तिच्या बघूचा अर्थ आजवर कुणाला लागलेला नाही. केकबद्दल मात्र तिचं मत स्पष्ट आहे: लई गोड, आणि ह्या बटरला चव न्हाई. खवा घालायला पाहिजे होता, तोही कुंथलगिरीचा.

खवा रवाळ राहील, चमच्याखाली पाकळी तुटेल, असं मी सांगून बघितलं. तिला पटलेलं नाही. दिवाळीला गावी गेले की अर्धा किलो खवा आणि बटर घेऊन आम्ही दोघी बसणार आहोत. तुमच्यापैकी कुणी हा उद्योग आधी केला असेल तर खवा किसून घ्यावा की मळून, तेवढं कळवा.