सारखी तळी

बऱ्याच दिवसांनी लिहितेय. मागची नोंद कुंडीतल्या मेथीवर होती. त्यावर दोघातिघांनी विचारलं, की ते सगळं ठीक, पण तू नोकरी कसली करतेस? नातेवाइकांचाही हाच प्रश्न असतो. पुण्याची आत्या सगळ्यांना ‘ती तिकडे पाण्याच्या खात्यात आहे’ असं सांगते आणि मग एखाद्या लग्नात कुणीतरी मला त्यांच्या सोसायटीच्या टँकरबद्दल विचारतं :) तर आज नोकरीबद्दल. जरा लांबेल, कारण सध्या डोक्यात दुसरं काही नाही. येत्या गुरुवारी त्यावर मीटिंग आहे.

आम्ही राहतो विस्कॉन्सिनमध्ये. इथे सुमारे 15,000 तळी आहेत. हिमयुगातला बर्फ मागे सरकला तेव्हा जमिनीला जे खळगे पडले, त्यांत पाणी साचून ही झाली. आमचं ऑफिस (नाव नको, उगाच कशाला) त्यांतल्या मोजक्या तळ्यांची वर्षानुवर्षं मोजमापं ठेवतं. पाणी किती गार, किती खोलवर स्वच्छ, त्यात विरघळलेलं काय काय, बर्फ कधी धरला, कधी सुटला. होडीत बसून मोजणारे वेगळे. मी ऑफिसात बसून आकडे बघणारी.

आता पैसे कमी झालेत. बॉसने मला सांगितलं, तळ्यांचे गट पाड. जी तळी वर्षानुवर्षं एकसारखी वागतात ती एका गटात. मग गटातलं एक ठेवू, बाकीची बंद करू. ती काही वाईट बाई नाही. होडीचं पेट्रोल, प्रयोगशाळेची बिलं, मुलांचे पगार हे सगळं तिलाच बघावं लागतं. आणि कागदावर तिचं म्हणणं बरोबर दिसतं.

पण ‘एकसारखी’ म्हणजे काय?

आपल्याकडचं उदाहरण देते. महाबळेश्वर आणि वाई यांत घाट उतरून जेमतेम तासाभराचं अंतर. महाबळेश्वरला वर्षाला 5000 मिलिमीटरच्या वर पाऊस, वाईला 1000 च्या आत. किती पाऊस, असं विचारलंत तर ही दोन गावं एका गटात येणारच नाहीत. पण प्रश्न बदला. प्रत्येक गावाचा पाऊस त्याच्या स्वतःच्या सरासरीशी ताडून बघा, म्हणजे हे वर्ष या गावासाठी नेहमीपेक्षा चांगलं की वाईट. मोसमी वारे रुसले तर दोन्हीकडे रुसणार. आता तीच गावं एकमेकांच्या बरीच जवळ येतात. आमच्या धंद्यात हे रोजचं काम. सरासरी वजा करायची, चढउताराने भागायचं, म्हणजे मोठं-छोटं हा फरक जातो आणि उरते ती फक्त चाल. पण म्हणजे गट पाडायच्या आधीच मी काहीतरी ठरवून बसलेली असते.

पुढचं काम संगणकाचं. तो दर दोन तळ्यांमधलं ‘अंतर’ काढतो. सगळ्यांत जवळची दोन आधी जोडतो, मग त्यांना तिसरं, असं करत एक झाड तयार होतं. ते थेट वंशावळीसारखं दिसतं, फक्त आजोबा वर नसून शेवटी येतात. त्या झाडाला कुठे कात्री लावायची हे मात्र तो सांगत नाही. वर कापलं की दोन गट, खाली कापलं की बारा. आणि गट खरोखर असोत वा नसोत, तो पाडून देतो. मूठभर शेंगदाणे जमिनीवर फेकून सांगितलं की चार गट कर, तर चार गट मिळतील. छान रंगीतसुद्धा मिळतील. मीटिंगमध्ये तो रंगीत नकाशा दाखवला की सगळे माना डोलावतात, तिथेच मला भीती वाटते.

आता उत्तरेला चला, म्हणजे मॅडिसनहून गाडीने चारेक तास. तिथे ट्राउट लेक नावाचं मोठं तळं आहे. त्याच्या काठावर विद्यापीठाचं 1925 पासूनचं संशोधन केंद्र आहे. अमेरिकेत 1980 साली दीर्घकालीन परिसंस्था संशोधनाचं एक जाळं सुरू झालं. पहिल्याच सहा ठिकाणांत इथली तळी होती. सात तळी उत्तरेत आणि पुढे मॅडिसनच्या आसपासची चार. उन्हाळ्यात दर पंधरवड्याला होडीतून आणि हिवाळ्यात बर्फाला भोक पाडून त्यांची मापं घेतली जातात. सगळे आकडे कुणालाही फुकट बघता येतात. ते माझं काम नाही, पण मला जे काही कळतं ते बरंचसं याच तळ्यांनी शिकवलंय.

या सातांत क्रिस्टल लेक आहे, नावाप्रमाणे नितळ. त्याच्या शेजारीच क्रिस्टल बॉग, शेवाळाने वेढलेलं अर्ध्या हेक्टरचं डबकं. पाणी कोऱ्या चहासारखं. मी पहिल्यांदा बघितलं तेव्हा खरंच वाटलं की कुणीतरी पाण्यात चहापूड टाकलीय. मध्ये मोजकी झाडं, वर एकच आभाळ, एकच पाऊस, आणि पाणी असं. शेजार म्हणजे सारखेपणा नव्हे, हे पहिल्याच भेटीत कळतं.

जॉन मॅग्नुसन या शास्त्रज्ञाने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी 1990 मध्ये याच सात तळ्यांवर एक निबंध लिहिला. प्रश्न साधा होता. एका तळ्याचा आकडा वर गेला की दुसऱ्याचाही जातो का? उत्तर असं आलं, की ते कुठला आकडा त्यावर आहे. ज्या गोष्टी थेट हवामानाच्या हातात आहेत, उदाहरणार्थ वरच्या पाण्याचं तापमान, त्यांत तळी बऱ्यापैकी एका सुरात चालतात. रसायनात सूर सुटायला लागतो, आणि जीवसृष्टीत तर जो तो आपापलं गाणं म्हणतो. म्हणजे तापमान विचारून मी गट पाडले तर जवळजवळ सगळी तळी एका घोळक्यात येतील, आणि शेवाळ विचारलं तर घोळकाच मोडेल. बॉसला द्यायची यादी मग यातल्या कुठल्या प्रश्नाची?

त्याहून मला आवडते ती दुष्काळाची गोष्ट. 1980 च्या दशकाच्या शेवटी तिथे काही वर्षं पाऊस कमी झाला. सगळी तळी उतरली. तोपर्यंत कुणाला वाटलं असतं, की एवढ्याशा भागातली तळी आहेत, दुष्काळ सगळ्यांना सारखाच. पण नाही. ही जमीन वाळूची, पाणी आतून सावकाश उताराकडे सरकतं. वरच्या आणि खालच्या तळ्यांत उंचीचा फरक काही मीटरचाच. क्रिस्टलसारखी वरची तळी मुख्यतः पावसाच्या पाण्यावर जगतात. ट्राउट आणि अॅलेक्वॉशसारख्या खालच्या तळ्यांना जमिनीतून पाझरून आलेलं पाणी मिळतं. येताना ते वाटेतल्या मातीदगडातून कॅल्शियम, मॅग्नेशियम घेऊन येतं. पाऊस आटला तसा खालच्या तळ्यांत या झिरपत्या पाण्याचा वाटा वाढला आणि क्षारांचा साठा चढला. वरच्यांचा भूजलाशी आधीच बारीक असलेला धागा आणखी बारीक झाला, त्यांना तो साठा मिळालाच नाही. तळ्यांची वर्गवारी आकाराने नाही, खोलीनेही नाही, तर पाण्याच्या वाटेवर कोण वर बसलंय आणि कोण खाली, यावरून लागली. आणि ती दिसली कोरड्या वर्षांमुळे. सुकाळाच्या आकड्यांत हा फरक असा उठून दिसला नसता.

माशांचीही गोष्ट अशीच. 1980 च्या दशकात स्मेल्ट नावाचा परका मासा या सातांपैकी स्पार्कलिंग आणि क्रिस्टल या दोन तळ्यांत पसरला. स्पार्कलिंगमधून सिस्को हा मूळचा मासा नाहीसा झाला, क्रिस्टलमध्ये पर्चची संख्या कोसळली. आदल्या वर्षीपर्यंतच्या आकड्यांत याची काही चाहूल असायचं कारणच नाही. मासा काही तळ्याचा जुना तक्ता बघून येत नाही.

हे सगळं मी फोनवर आत्याला सांगत होते (तिने विचारलं म्हणून, माझी काय टाप). ऐकून घेतलं आणि म्हणाली, “अगं, म्हणजे जुळ्या पोरांपैकी एकाचाच ताप बघायचा आणि दुसऱ्याला शाळेत पाठवायचं?” मी म्हटलं, आत्या, हे मला मीटिंगमध्ये म्हणता आलं असतं तर काय हवं होतं.

आता आमच्या तळ्यांचं. आमच्या यादीत दोन तळी आहेत, त्यांना मी मनातल्या मनात थोरली जाऊ आणि धाकटी जाऊ म्हणते. झाडात ती सगळ्यांत आधी जोडली जातात. पाण्याचा नितळपणा वर्षानुवर्षं हातात हात घालून वरखाली. नियमाप्रमाणे धाकटी बंद व्हायला हवी. म्हणून मी दोन गोष्टी करून बघितल्या.

एक म्हणजे, दोघींच्या आकड्यांतला सामाईक कल काढून टाकला. हे महत्त्वाचं, कारण हवा सगळीकडेच तापतेय. मॅडिसनच्या मेंडोटा तळ्याच्या बर्फाची नोंद 1850 च्या दशकापासून आहे. तिथला बर्फाचा मुक्काम तेव्हापासून बराच आखडलाय, 2001-02 च्या हिवाळ्यात तर जेमतेम 21 दिवस होता. असा कल सगळ्यांच्याच आकड्यांत असला की कुठलीही दोन तळी सख्ख्या बहिणी वाटू लागतात. तो काढल्यावर आमच्या जावा थोड्या लांब गेल्या. फार नाही.

दुसरं, पूर्ण मालिकेऐवजी दहा-दहा वर्षांच्या खिडकीतून बघितलं. बहुतेक खिडक्यांत दोघी शेजारी शेजारी. कोरड्या वर्षांच्या खिडकीत मात्र धाकटी उठून पार दुसऱ्याच फांदीवर जाऊन बसते. का, ते मला आकड्यांवरून सांगता येत नाही. तिच्या भोवतीच्या विहिरींची पातळी कुणी मोजलेली नाही.

म्हणून मी यादीऐवजी चार पानांची टिपणी पाठवली. गट पाडून दिलेत, ते द्यायचं माझं कामच आहे. पण प्रत्येक गटापुढे लिहिलंय, की तो कुठल्या मापावरून, कुठल्या वर्षांवरून, आणि कुठल्या खिडकीत मोडतो. धाकटीबद्दल सुचवलंय, की बंद करू नका, फेऱ्या कमी करा. पंधरवड्याऐवजी उन्हाळ्यात तीनदा जा. बर्फाच्या तारखा काठावरची माणसं कळवतील, त्याला पैसे पडत नाहीत. प्रयोगशाळेच्या तपासण्यांतल्या दोन-तीन कमी करा. हिशेब मांडून बघितला. धाकटी बंद करून जेवढं वाचेल तेवढं यातून वाचत नाही, साधारण निम्मं वाचतं. तेही टिपणीत स्पष्ट लिहिलंय, लपवलेलं नाही.

बॉसचं एका ओळीचं उत्तर आलं. निम्मं पुरणार नाही, उरलेलं निम्मं कुठून आणायचं तेही सांग. प्रश्न रास्त आहे. काल रात्री जेवणं झाल्यावर पुन्हा झाड उघडून बसले होते. एक आणखी जोडी आहे, दोन्ही तळी खोल. दुष्काळाच्या खिडकीतही एकत्रच राहतात, कल काढला तरी सुटत नाहीत. त्यांतल्या एकावरच्या फेऱ्या कमी करता येतील असं वाटतंय, पण आधी त्यांच्या पाण्याची वाट नकाशावर बघायचीय. तो नकाशा मागवलाय, बुधवारपर्यंत येईल म्हणाले.