काकूचा वर्ग कोणता?

डेव्हिड रिकार्डोने १८१७ साली उत्पन्नाची वाटणी तीन वर्गांत मांडली: जमीनदाराला खंड, भांडवलदाराला नफा, मजुराला मजुरी. हिंगणघाट तालुक्यातल्या माझ्या काकूच्या घरात हे तिघंही एकाच चुलीवर जेवतात.

तीन एकर वावर घरचं, दोन एकर ठोक्यानं घेतलेलं. म्हणजे जमीनमालकही आणि खंड देणारेही. बियाण्या-खतात पैसा घालतात, कापूस वेचायला बाया लावतात, म्हणून मालक. घरचं निंदण आटोपलं की काकू दुसऱ्याच्या वावरात रोजानं जाते, म्हणून मजूर. मजुरीचा दर वाढला की काका कुरकुरतात. काकू गप्प राहते. पुढच्या आठवड्यात तिलाही तोच दर मिळणार असतो.

मार्क्सच्या ‘कॅपिटल’च्या तिसऱ्या खंडाचं शेवटचं प्रकरण वर्गांवरच आहे. वर्ग नेमका कशानं बनतो, हे विचारून ते थोड्याच वेळात अर्धवट तुटतं.

वर्ग खोटे आहेत, असं मी म्हणत नाही. पीक बुडालं तरी ठोक्याचे पैसे द्यावेच लागतात. तिथं मालक कोण, हे लख्ख दिसतं. पण पीएम-किसानचे वर्षाचे ६,००० रुपये काकांच्या खात्यात येतात, कारण सातबाऱ्यावर नाव त्यांचं. काकूला रोज मिळतो तोही गड्यांपेक्षा कमी. घर एक, वर्गही एकच धरला, तरी वाटणी दोन. ती रिकार्डोच्या तीन रकान्यांत कुठंच बसत नाही.