खंड पहिला

आमच्या लिहिण्याच्या टेबलासमोरील भिंतीवर तीन मोठे कागद चिकटविलेले होते. पहिल्यावर कोकणातील एका बंदराच्या गावाची चार पिढ्यांची कथा, खंड पाच. दुसऱ्यावर एका निवृत्त तलाठ्याच्या शोधकथा, पुस्तके सहा. तिसऱ्यावर पुण्यातील एका छापखान्याची कादंबरीत्रयी. एकूण चौदा पुस्तके. त्यांपैकी छापून झाली होती दोन. उरलेली बारा भिंतीवर होती, आणि भिंतीवर ती फार सुरेख दिसत.

लेखक आम्हीच आणि प्रकाशकही आम्हीच. ‘नाही’ म्हणणारा प्रकाशक ही साहित्यव्यवहारातील किती उपयुक्त व्यक्ती आहे, हे स्वतः प्रकाशक झाल्यावरच कळते. आयएसबीएन क्रमांक आपल्याकडे विनामूल्य मिळतो. प्रत्येक खंडाला तो स्वतंत्र लागतो. मुखपृष्ठ आपल्या मर्जीचे, पृष्ठसंख्या आपल्या मर्जीची. चौदा पुस्तकांचा संकल्प सोडताना आम्हाला अडविणारे कोणी नव्हते.

अडविले ते हिशोबाने. बंदराच्या पहिल्या खंडाच्या आम्ही ३०० प्रती काढल्या. दुसऱ्या खंडाचा वाचक बहुधा पहिला वाचलेल्यांतूनच येणार. म्हणजे दुसऱ्याची आवृत्ती पहिल्याहून मोठी काढण्यात अर्थ नाही. शिवाय दुसरा निघेल त्या दिवशी पहिला बाजारात हवाच, नाहीतर नवा वाचक आत शिरणार कुठून? मागणीनुसार एकेक प्रत छापण्याची सोय आणि ई-पुस्तके यांमुळे हा भार आता हलका झाला आहे खरा. पण हलका होतो तो कागदाचा भार. तीन मालिका म्हणजे तीन ठिकाणच्या वाचकांना दिलेले शब्द, आणि लिहिणारा हात एकच.

अशा विवंचनेत असताना एका निवृत्त शिक्षिकेचा फोन आला. आमच्या कादंबरीतील यमुनेचा नवरा गलबतावर जातो आणि ती त्याची वाट पाहत राहते, इथे पहिला खंड संपत होता. तो परततो की नाही, हे आम्ही तिसऱ्या खंडासाठी राखून ठेवले होते.

“दुसरा खंड कधी?” बाईंनी विचारले. “माझं वय एक्याऐंशी आहे, म्हणून विचारते.”

आम्ही काही तरी गुळमुळीत बोललो.

“बरं, एवढंच सांगा. तो येतो का?”

“नाही येत, बाई. पण तिला ते ठाऊक असतं. अगदी पहिल्या दिवसापासून.”

त्या थोडा वेळ थांबल्या. मग म्हणाल्या, “अहो, मग कथा तर हीच आहे. ही का नाही लिहिलीत?”

या प्रश्नाला आमच्याजवळ उत्तर नव्हते. मालिका लांबावी म्हणून आम्ही कादंबरीचा प्राणच तिसऱ्या खंडात नेऊन ठेवला होता आणि त्याला रचना असे नाव दिले होते.

एकाच वेळी अनेक मालिका चालविणे ही काही आमची नवलाई नव्हे. साहित्याच्या अभ्यासकांना हरिभाऊ आपटे लगेच आठवतील. १८९० मध्ये त्यांनी ‘करमणूक’ हे साप्ताहिक सुरू केले आणि आपल्याच पत्रात एकीकडे ‘आजकालच्या गोष्टी’ या सामाजिक कादंबऱ्या, तर दुसरीकडे ऐतिहासिक कादंबऱ्या क्रमशः लिहिल्या. ‘मायेचा बाजार’ आणि ‘कर्मयोग’ अपूर्ण राहिल्या. तरी हरिभाऊंचे मोठेपण उणावत नाही, कारण ‘पण लक्षात कोण घेतो?’ मधील यमूला त्यांनी पुढच्या कुठल्या खंडासाठी राखून ठेवले नाही. तिचे सगळे दुःख तिच्याच पुस्तकात आहे. (आमच्या नायिकेचे नावही यमुनाच असावे, हा योगायोग आम्हाला फोन ठेवल्यावर जाणवला आणि अधिकच ओशाळवाणे वाटले.)

इंग्रजीत अँथनी ट्रॉलप याने बार्सेटशरची सहा पुस्तके लिहिली. ती १८६७ मध्ये पुरी होण्याआधीच त्याची राजकीय कादंबऱ्यांची दुसरी मालिका सुरू झाली होती. रोज किती पाने लिहिली याची तो नोंद ठेवी. आम्हीही त्याचे पाहून वही घातली होती. पण त्याचे १८५५ चे ‘द वॉर्डन’ हे छोटेसे पहिले पुस्तक स्वतःपुरते संपते, हे आम्ही सोयीस्करपणे विसरलो होतो. त्यापुढे एकही पुस्तक आले नसते, तरी वाचकाचे काही देणे उरले नसते.

मालिकेच्या नियोजनाविषयी आम्हाला कळलेली गोष्ट एवढीच. पुढच्या खंडांचा आराखडा जरूर करावा. पण हातातल्या पुस्तकाचे जे आहे, ते हातातल्या पुस्तकातच द्यावे. उद्या आपण नसू, किंवा वाचक नसेल. स्वतःच स्वतःचा प्रकाशक असणाऱ्याने तर हे अधिकच लक्षात ठेवावे, कारण त्याच्यामागे त्याचे अपुरे काम पुरे करून घेणारे कोणी नसते.

छापखान्याचा आणि तलाठ्याचा कागद आम्ही भिंतीवरून काढून कपाटात ठेवला. बंदराच्या पहिल्या खंडाला शेवटचे प्रकरण नव्याने लिहिले. त्यात यमुना दिवा लावते, दार लोटून घेते आणि जेवायला बसते. इतके दिवस वाढून ठेवलेले दुसरे पान ती त्या रात्री वाढीत नाही. नव्या आवृत्तीच्या मुखपृष्ठावरून ‘खंड पहिला’ हे शब्दही काढून टाकले. पुढचे खंड झालेच, तर होतील.

पहिली प्रत बाईंना टपालाने पाठविली आहे. त्यांचा फोन अजून आलेला नाही. आम्ही वाट पाहत आहोत; ती कशी असते, हे आता थोडे कळू लागले आहे.