पडायला शिकण्यासाठी ओल्युदेनिझला

आम्हा मियाँ-बीवीला पॅराग्लायडिंगचा नाद लागला तो पुण्याजवळच्या कामशेतला. दोन वर्षे सारे सुरळीत चालले. मग एका दुपारी आमच्यापैकी एकाच्या पंखाची एक बाजू हवेत अचानक मिटली. घाबरून दोन्ही ब्रेक जोरात ओढले गेले आणि उतारावर आपटून मनगट मोडले. प्लास्टर निघाले त्या दिवशी अम्मी म्हणाल्या, “अल्लाहने एकदा वाचवलं. आता नीट शिका, नाहीतर ते गाठोडं विकून टाका. घरात लहान लेकरू आहे.”

म्हणून आम्ही तुर्कस्तानातील ओल्युदेनिझला गेलो. नावाचा अर्थ ‘मृत समुद्र’, पण तो इथल्या शांत, निळ्या खाडीवरून पडलेला. किनाऱ्याला लागूनच 1,969 मीटर उंचीचा बाबादाग पर्वत उभा आहे. इतकी उंची आणि पायथ्याशी लगेच समुद्र, म्हणून जगभरचे पायलट इथे सुरक्षेचे शिक्षण घ्यायला येतात. या अभ्यासक्रमाला फ्रेंच आद्याक्षरांवरून ‘एसआयव्ही’ म्हणतात. उड्डाणातील संकट मुद्दाम घडवायचे आणि त्यातून बाहेर यायचे, ही त्यातली तालीम.

तुर्कांना उडण्याचे वेड जुनेच. सतराव्या शतकात हेझारफेन अहमद चेलेबी इस्तंबूलच्या गलाता बुरुजावरून झेपावून बॉस्फरसपलीकडे उस्कुदारला उतरला, अशी हकिकत प्रवासी एव्हलिया चेलेबीने लिहून ठेवली आहे.

पहाटेच्या अजाननंतर चहा आणि तिळाचा सिमित खाऊन आम्ही वर निघालो. अंगात लाइफ जॅकेट, कानाशी रेडिओ, खाली पाण्यात तयार बोट. पाण्यावर पडल्यास जमिनीपेक्षा मार कमी लागतो. पण दोऱ्यांत गुरफटून बुडण्याचा धोका असतो, म्हणून बोट जवळ असल्याशिवाय एकही कसरत होत नाही.

1,700 मीटरवरून ‘बिस्मिल्लाह’ म्हणून धावलो. समुद्रावर पोहोचताच उस्तादांचा हुकूम आला: एका बाजूच्या पुढच्या दोऱ्या ओढा! अर्धा पंख मिटला, आकाश गरकन फिरले. तेच कामशेत पुन्हा समोर. हात ब्रेक ओढायला धावले, तोच रेडिओवर आवाज आला, “हात वर! हात वर!” हात वर सोडले, वजन उघड्या बाजूला टाकले, त्या बाजूचा ब्रेक अगदी थोडा दाबला. फडफड करत पंख पुन्हा उघडला. तेव्हा उमगले की पंख मिटला म्हणून मनगट मोडले नव्हते. भीतीने ओढलेल्या ब्रेकमुळे पंखाचे उडणेच थांबले होते.

शेवटच्या दिवशी राखीव पॅराशूट फेकून पाण्यात उतरलो. बोटीवर ओढून घेताना नावाडी म्हणाला, “गेचमिश ओल्सुन.” म्हणजे, आलेले संकट सरून गेलेले असो. आजारी माणसालाही तुर्क हेच म्हणतात.

हा छंद असलेल्या घरांना आमचे एवढेच सांगणे: आधी आपल्या उस्तादांकडून साधे उड्डाण पक्के करा, राखीव पॅराशूट वेळच्या वेळी जाणकाराकडून पुन्हा बांधून घ्या, आणि मगच अशा तालमीला जा.

घरी आल्यावर अम्मींनी विचारले, “एवढ्या लांब जाऊन शिकलात काय?”

“हात वर करायला.”

त्या हसल्या. “ते तर मी लहानपणी दुआ शिकवतानाच शिकवलं होतं!”